हाऊसबोट नको, साधी होडी हवी: कोल्लमजवळच्या मन्रो बेटांबद्दल माहिती द्या

चाटीगल्ली

नमस्कार मंडळी. जानेवारीत केरळला जायचं पक्कं केलंय. मी, बायको, आठवीतला मुलगा आणि आई. आई सत्तरीला टेकलीय, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी आहे. टूरवाल्याकडं गेलो तर त्यानं नेहमीचं ताट पुढं सरकवलं: मुन्नार, तेक्कडी, आलप्पुळाला एक रात्र हाऊसबोट. हाऊसबोटीचे फोटो बघितले. एसी खोली, भिंतीला टीव्ही, मागं जनरेटर. एवढं पाण्यावर जाऊन टीव्हीच बघायचा तर आमची जुळे सोलापुरातली खोली काय वाईट आहे?

ऑफिसातल्या एकानं सांगितलं की कोल्लमजवळ मन्रो नावाची बेटं आहेत, तिथं बांबूनं रेटायच्या होडीतून गावांमधनं फिरवतात. माझे प्रश्न असे. एका दिवसात होतं का? आईला होडीत बसता येईल का? आणि खरंच बघण्यासारखं आहे का, की नुसतेच नारळ?

शेंगाचटणी

नारळच आहेत बे. पण त्यांच्या खालनं जायचं असतं. जाणकार येतीलच, तोवर बसायला जागा धरून ठेवतो.

ताणाबाणा

जाऊन आलोय, त्यामुळं लांबण लागेल. सांभाळून घ्या.

आधी जागा समजून घ्या. कोल्लम शहराला लागून अष्टमुडी नावाचं अवाढव्य खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. नींडकरा इथं त्याचं तोंड समुद्राला उघडतं. पूर्वेकडून, घाटातून, कल्लडा नदी येते. ती जिथं अष्टमुडीत शिरते तिथं तिनंच वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळाची ही बेटं आहेत. छोटी छोटी आठ, सगळी मिळून साडेतेरा चौरस किलोमीटरच्या आसपास. कोल्लमहून रस्त्यानं सत्तावीसेक किलोमीटर. नाव ब्रिटिश साहेबाचं. कर्नल जॉन मन्रो हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रावणकोर संस्थानात रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता, काही काळ दिवाणही होता.

होडी म्हणजे लांब, अरुंद, लाकडी. इंजिन नाही. नावाडी मागच्या टोकाला उभा राहतो आणि लांब काठी तळाला टेकवून रेटतो. सकाळी उजाडायच्या सुमारास निघालात तर उत्तम. एक तर ऊन नसतं, दुसरं म्हणजे त्या वेळी गाव उठत असतं. अडीच-तीन तासांची फेरी असते. आधी चिंचोळे कालवे, दोन्ही बाजूंना घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. कोणी भांडी घासतंय, कोणी शाळेच्या गणवेशात होडीची वाट बघतंय. मधूनमधून पायी जायचे पूल येतात, इतके बुटके की नावाडी "डोकं!" अशी खूण करतो आणि सगळे एकदम खाली. माणूस तसा ओळखीचा नसतो, पण तिसऱ्या पुलानंतर सगळे एकमेकांकडं बघून हसायला लागतात.

मग होडी एकदम मोठ्या पाण्यात येते. तिथं खारफुटीची झाडं दोन्हीकडनं वाकून कमान झालीय, तिच्याखालनं नेतात. फोटोवाले तिथंच अर्धा तास खातात. मला स्वतःला कालवेच जास्त आवडले.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. आमचं घर साखर पेठेतलं. माग होते, आता नाहीत. लहानपण कांड्या भरण्यात गेलं. तिथं एका घरामागं नावाड्यानं होडी लावली, तर दोन बायका काथ्या वळत होत्या. एका टोकाला रहाट, तो तिसरी फिरवते. या दोघींनी कमरेला नारळाच्या सोडणाचा पुंजका खोचलेला, रहाटाच्या आकड्याला धागा अडकवलेला आणि दोघी उलट्या पावलांनी मागं मागं चालत निघाल्या. हातातनं काथ्या सुटत होता आणि सुतळी लांब होत होती. मागं वळून बघायचं नाव नाही. पार कुंपणापर्यंत गेल्या, थांबल्या. मग दोन्ही धागे एका लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसवले आणि ठोकळा पुढं सरकवत नेला, तसे ते दोन धागे उलट्या पिळानं एकमेकांवर बसत आले. आपल्याकडं डबलिंगला मशीन जे करतं ते तिथं ठोकळा करतो. मध्येच एकीला जाड गाठ लागली. तिनं न बघता अंगठ्यानं ती सोडवली, जास्तीचा काथ्या उपटला आणि चालायला लागली. आमची आजी सूत तुटलं की असंच करायची, रेडिओ ऐकत ऐकत.

हे दहा मिनिटं बघितलं असेल. माझ्या लेखी तेवढ्यात सहलीचे पैसे वसूल.

हां, वास येतो. सोडणं महिनोन् महिने पाण्यात कुजवत ठेवतात, त्याशिवाय काथ्या सुटत नाही. कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो. नाकाला रुमाल लावून कामवाल्या बायांसमोर तोंड वाकडं करू नका, एवढंच.

चाटीगल्ली

बाप रे, एवढं सविस्तर! धन्यवाद. आईला हे वाचून दाखवलं. तिनं स्वतः विड्या वळायचं काम केलंय, त्यामुळं काथ्याचा भाग दोनदा वाचायला लावला. मजुरी किती मिळते विचारलं का, असं विचारतेय.

ताणाबाणा

आकडा मुद्दाम लिहीत नाही, कारण घरोघरी वेगळा सांगतात. पण रहाटावरचं काम आता थोड्याच घरांत उरलंय आणि नवीन मुली त्यात यायला तयार नाहीत, एवढं सगळे एका सुरात सांगतात. कोल्लम भागातला दुसरा मोठा धंदा काजू सोलायचा. तिथंही कारखान्यात बहुतेक बायाच. आईंना कोल्लम परकं वाटणार नाही.

कन्ना_चौक

माझा एकच प्रश्न. तेलुगूवर भागेल का? सोलापुरात अर्धं आयुष्य त्यावरच काढलं.

शेंगाचटणी

कन्नडवर पण नाही भागत. मी दोन्ही लावून बघितल्या. शेवटी मोडक्या हिंदीवर आलो, तर समोरचा माझ्यापेक्षा बरी हिंदी बोलला. आखातात नोकरी करून आलेला होता.

कुर्डुवाडी_जंक्शन

चाटीगल्ली, टूरवाल्याला सोडा. आपल्याकडनं थेट गाडी आहे. जयंती जनता, म्हणजे पुणे–कन्याकुमारी एक्स्प्रेस, सोलापूरवरनंच जाते: कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंतकल, मग तिरुपतीकडनं काटपाडी, सेलम, कोइमतूर, पालक्काड आणि पुढं एर्नाकुलम, कोट्टयम करत कोल्लमला. एका दिवसाहून जास्त प्रवास आहे. गाडी काही राजधानी नव्हे, पण कुठं बदलायची भानगड नाही. आईंना खालचा बर्थ मिळेल असं बघा.

गंमत म्हणजे बेटाला स्वतःचं स्टेशन आहे, मन्रोतुरुत्तु नावाचं. बहुतेक एक्स्प्रेस तिथं थांबायच्या नाहीत, मेमू (लोकलसारखी गाडी) थांबते. म्हणजे कोल्लम जंक्शनला उतरायचं, रात्र काढायची आणि सकाळच्या मेमूनं उलटं यायचं किंवा रिक्षा करायची. मी हौसेनं रेल्वेनं गेलो. मन्रोतुरुत्तु आणि पेरिनाड या स्टेशनांच्या मधला पेरुमणचा पूल अष्टमुडीवर आहे. दारात उभं राहून बघण्यासारखा. दारात उभे राहू नका, हे ओघानं आलंच.

त्याच पुलावर 8 जुलै 1988 रोजी आयलंड एक्स्प्रेसचे डबे सरोवरात कोसळले होते. 105 माणसं गेली. जुन्या रेल्वेवाल्यांना विचारा, अजून हळहळतात. पुलाजवळ स्मारक आहे.

अक्कलकोटची_लेक

अपघाताचा विषय निघालाच आहे तर पाण्याबद्दल बोलते. मी नर्स आहे, त्यामुळं मला सहलीत पण हेच दिसतं.

केरळात बोटींचे अपघात होत नाहीत असं नाही. 2009 ला तेक्कडीत 45, 2023 ला तानूरला 22. दोन्ही बोटी इंजिनाच्या, माळ्याच्या, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेल्या. एका बाजूला सगळे गेले की वरचा मजला बोट घेऊनच उलटतो. आणि लांब कशाला जाताय, मे 2024 मध्ये आपल्याच उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली, सहा जण गेले.

मन्रोची होडी छोटी, कालव्यात पाणी फार खोल नाही, सकाळी वारा नाही. धोका कमी आहे, नाही असं नाही. लाइफ जॅकेट मागा आणि अंगात घाला, मांडीवर घेऊन बसू नका. मुलाला बजावून ठेवा की उभं राहून सेल्फी नाही. नावाड्यानं "एक माणूस जास्त चालेल" म्हटलं तरी आपण नाही म्हणायचं.

आईंसाठी: होडीत बसायला बहुतेक ठिकाणी फळकुट किंवा बुटकी खुर्ची असते. पाठीला टेकू असलेली होडी आधीच मागून घ्या. चढउतार करताना दोन माणसं लागतात, एक काठावर, एक होडीत. गुडघ्याची गोळी निघायच्या आधी, नाश्ता करून. रिकाम्या पोटी नको.

भीमाकाठ

ताणाबाणा, तुम्ही "गाळाची बेटं" म्हणालात तिथं मी अडकलो. आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीत गेलेलं. वडिलांनी पुनर्वसनाच्या गावठाणात पत्रे ठोकून संसार मांडला. मी स्वतः पाटबंधाऱ्यात नोकरी केली, म्हणजे ज्यानं गाव घेतलं त्याच्याच पगारावर जगलो. मन्रोला गेलो ते बघायला गेलो नव्हतो, नातेवाइकांकडं लग्न होतं. पण जे दिसलं ते डोक्यातनं गेलं नाही, म्हणून लिहितोय.

ती बेटं खचतायत. घराचे उंबरे पाण्याच्या पातळीला आलेत. नुसतं लांबनं बघितलं तर सुंदरच वाटतं, पाण्यात घर, अंगणात बगळा. जवळ गेल्यावर कळतं की ती पायरी एकेकाळी तिसरी होती, आता पहिली आहे. जोत्याला भेगा, भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत मिठाची पांढरी रेघ. मोठ्या भरतीला पाणी स्वयंपाकघरात येतं. वृश्चिक महिन्याच्या, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या भरतीचं तर लोक नाव काढलं की कपाळाला हात लावतात. पूर्वी तिथं भातशेती होती, ती खाऱ्या पाण्यानं गेली. नारळ धरत नाहीत. भाताच्या खाचरांत आता कोळंबी आणि मासे सोडतात. तुम्ही होडीतनं जी सुंदर तळी बघता ना, ती बहुतेक जुनी शेतं आहेत. अनेक कुटुंबं बेट सोडून गेली.

कारण काय? एकच नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर भरतीचं पाणी जास्त चढायला लागलं असं तिथला प्रत्येक माणूस सांगतो. नदीतनं वाळू उपसली गेली. समुद्राची पातळीही वाढतेय. पण माझ्या धंद्याचं म्हणून मला जे पहिलं दिसलं ते धरण. वर तेन्मला इथं कल्लडा नदीवर मोठं धरण आहे, 1986 पासूनचं. त्याच्या आधी दर पावसाळ्यात नदीला पूर यायचा आणि बेटावर गाळाचा एक थर बसायचा. लोकांना त्रास व्हायचा, पण जमीन जेवढी दबायची तेवढी भरून निघायची. धरणानं पूर अडवला आणि त्याबरोबर गाळही. आता जमीन दबतेच आहे, वरनं काही येत नाही.

आणि अडलेला गाळ कुठं बसतो, ते मला उजनीत चांगलं माहीत आहे. आपल्या धरणाचं वर्षभराचं राजकारण "प्लस" आणि "मायनस" वर चालतं. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृत साठा. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृत साठ्यात उतरलं, की टीव्हीवाले बातमी करतात आणि पळसदेवचं मंदिर पाण्याबाहेर येतं. तेव्हा आमच्या जुन्या गावठाणाची पण जोती उघडी पडतात, आणि सगळीकडं गाळ, पोटरीपर्यंत. शेतकरी ट्रॅक्टर लावून तो नेतात. मन्रोच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, आम्हाला द्या.

आपल्याकडं धरणाच्या वरच्या अंगाची गावं बुडाली, एका पावसाळ्यात, नोटीस देऊन, मोबदला देऊन. तिकडं धरणाच्या खालच्या अंगाची गावं बुडतायत, दरवर्षी बोटभर. त्यांना कोणी धरणग्रस्त म्हणत नाही. त्यांच्या नावाची यादी कुठल्या कलेक्टर कचेरीत नाही. माझ्या वडिलांकडं निदान दाखल्याचा कागद होता, त्यावर मला नोकरी लागली.

चाटीगल्ली, तुमच्या सहलीत बिब्बा घालायचा नाही. जरूर जा. पण मुलगा आठवीत आहे, भूगोलात त्याला हे आहेच. नावाड्याला विचारायला सांगा की तुझं घर लहानपणी किती उंच होतं. ते दाखवतात.

नवीपेठ_नववी_गल्ली

आता मला प्रश्न पडला. लोकांची घरं पाण्यात जातायत आणि आपण पैसे मोजून, टोपी घालून, ते बघायला जायचं? ताणाबाणांनी काथ्याचं इतकं सुरेख लिहिलंय, पण त्या बाईच्या जागी माझी आई असती आणि होडीभर माणसं तिच्याकडं बघत उभी राहिली असती तर मला राग आला असता.

ताणाबाणा

राग रास्त आहे. माझ्याही मनात आलं होतं. पण जरा हिशेब बघा. हाऊसबोटीला पैसे दिलेत तर ते बोटीच्या मालकाला जातात, तो बहुधा शहरात. इथं होडी त्याच गावातल्या माणसाची आहे. काथ्याचं काम दाखवलं त्या घरी शंभर-दोनशेची सुतळी घेतली की झालं, कोणी भीक मागत नाही. आणि कोणाच्या अंगणातनं होडी न्यायची आणि कोणाच्या नाही, हे नावाड्याला माहीत असतं. एका घरापाशी तो वळलाच नाही. "तिथं आजारी माणूस आहे," म्हणाला.

फोटोचं मात्र तुमच्याशी सहमत. विचारून काढा. अंघोळीच्या पायऱ्यांवर कॅमेरा रोखणारी माणसं मी तिथं बघितली, आपल्याकडचीच होती, भाषा ऐकू येत होती. लाज वाटली.

शेंगाचटणी

आपल्याकडचीच म्हणजे पुण्याची की सोलापूरची, ते स्पष्ट करा.

ताणाबाणा

नाही सांगणार, धागा भरकटेल.

भीमाकाठ

नवीपेठ, आमच्याकडं भिगवणच्या बाजूला थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. पट्टकदंब येतात, चित्रबलाक येतात. कोळ्यांच्या होड्यांना त्या दोन-तीन महिन्यांत चार पैसे मिळतात, घरोघरी चिलापी माशाचं जेवण विकलं जातं. त्याला कोणी वाईट म्हणत नाही. पण एखादा येतो आणि म्हणतो, "बुडालेलं गाव दाखवा." आमच्या एक चुलत आजी होत्या, असं कोणी विचारलं की त्या उठून आत जायच्या आणि तो जाईपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. पक्षी बघायला आलेल्याला मात्र स्वतः चहा द्यायच्या. तेव्हा जाणं वाईट नाही. काय विचारता त्यावर आहे.

नवीपेठ_नववी_गल्ली

पटलं. पूर्ण नाही, पण पटलं. तरी "तुझं घर किती उंच होतं" हा प्रश्न मुलानं पहिल्या पाच मिनिटांत विचारू नये, असं सुचवतो.

भीमाकाठ

हे मान्य. चहा झाल्यावर विचारावा.

रेवणसिद्ध

मंडळी, पोटाचं बोला. आमच्याकडं शाकाहार, लसूणसुद्धा मोजून. तिकडं सगळं मासेच ना?

शेंगाचटणी

सगळं मासेच नाही, पण मासे सोडून यायचं म्हणजे फार मोठा त्याग आहे. करिमीन म्हणून काळपट चपटा मासा असतो, मसाला लावून केळीच्या पानात भाजतात. आंबटपणाला आपल्या कोकमाचा भाऊ घालतात. अष्टमुडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, पण खाऊन बघा. तिथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014 साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं ते पहिलंच. किती लहान तिसऱ्या धरायच्या नाहीत, कोणते महिने बंद ठेवायचे, हे तिथल्या लोकांनी ठरवून पाळलं म्हणून मिळालं.

शाकाहाऱ्यांना सकाळी पुट्टू आणि काळ्या चण्याची उसळ, अप्पम, इडिअप्पम. दुपारी केळीच्या पानावर जेवण मिळतं, चार-पाच भाज्या, सांबार, रसम. नारळ सगळ्यात. तांदूळ जाडा, लालसर. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी भाकरीची आठवण येते, म्हणून पिशवीत कडक भाकरी आणि माझं नाव असावं.

कन्ना_चौक

ताडीच्या दुकानाबद्दल कोणीच बोलेना. विचारायची लाज वाटते म्हणून दुसऱ्यासाठी विचारतोय.

शेंगाचटणी

दुसऱ्याला सांगा, सरकारी परवान्याची दुकानं असतात, पाटीवर ठळक लिहिलेलं असतं. नारळाची ताडी सकाळी गोड, दुपारी आंबट, संध्याकाळी भांडखोर. तिथलं जेवण ताडीपेक्षा भारी. घरचे सोबत असतील तर जेवणच करा.

चाटीगल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय: जयंती जनतानं कोल्लम, दोन रात्री तिथं, एक दिवस मन्रो, दुसऱ्या दिवशी शहर आणि अष्टमुडीची सरकारी बोट. मग वर्कला किंवा तिरुवनंतपुरम. हाऊसबोट रद्द. टूरवाला नाराज झाला.

दोन शंका उरल्या. एक, सांब्राणीकोडी म्हणून पाण्यात उभं राहायचं बेट आहे म्हणतात, ते आईला झेपेल का? दुसरी, बुटक्या पुलाखालनं जाताना किती वाकावं लागतं? आईला कमरेत वाकता येतं, पण आडवं होता येणार नाही.

ताणाबाणा

सांब्राणीकोडी वेगळीकडं आहे, कोल्लमच्या जवळ. तिथं सरोवराच्या मधोमध उथळ वाळूचा पट्टा आहे, बोटीनं नेऊन सोडतात आणि गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. मुलाला आवडेल. शनिवार-रविवारी गड्ड्याच्या जत्रेएवढी गर्दी असते. आईंना नको, तळ सारखा नाही. मन्रोच्या फेरीतही मोठ्या पाण्यात एक उथळ जागा येते, तिथं होडीतच बसून पाय सोडले तरी चालतं.

देवगडची_सोलापूरकर

पुलाचं मी सांगते. माहेर खाडीकाठचं, लग्नानंतर इकडं, जिथं पाणी आठवड्यातनं एक-दोनदा नळाला येतं.

वाकणं किती, ते भरतीवर आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, पूल आणि होडी यांच्यात जागा कमी उरते. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार वर-खाली होत नाही. केरळात भरती-ओहोटीतला फरक आपल्या कोकणाएवढा नसतो, पण बुटक्या पुलाखाली वीतभर सुद्धा खूप. तेव्हा कालनिर्णय काढा, जानेवारीतली अष्टमी बघा, कृष्ण किंवा शुद्ध कुठलीही, आणि त्याच्या मागंपुढं एखाद्या दिवशी होडी ठरवा. नावाड्याला फोनवर सांगा की वयस्कर बाई सोबत आहेत, तो स्वतःच वेळ आणि वाट बदलून देईल. बुटके पूल टाळून जायच्या वाटा पण असतात.

अजून एक. जानेवारीत सकाळी पाण्यावर गारवा असतो. आईंना पातळ शाल द्या. आणि होडीत बसल्यावर साडीचा घोळ फळीखाली अडकणार नाही असं बघा, आमच्याकडं म्हाताऱ्या बायका त्यानंच पडतात.

चाटीगल्ली

कालनिर्णय भिंतीवरनं काढलंय. आई म्हणते शाल कशाला, सोलापुरी चादर नेऊ. होडीत चादर! नेतोच.

तिकीट बघितलं, जाताना स्लीपरला वेटिंग आहे. येताना मिळतंय.

कुर्डुवाडी_जंक्शन

वेटिंग कुठल्या कोट्यातलं आहे ते आधी बघा. जनरलचं असेल तर हलतं, पूल्डचं, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या सामायिक कोट्यातलं असेल तर वाट बघत बसू नका. सोलापूरहून कोल्लमचं मिळत नसेल तर एर्नाकुलमपर्यंत बघा, पुढं कोल्लमला दिवसभर गाड्या आहेत. आणि ज्येष्ठ नागरिकांच्या लोअर बर्थच्या कोट्यात आईंचं तिकीट वेगळं काढता येतं, पण त्या पीएनआरवर कमाल दोन माणसं चालतात आणि दोघंही त्या कोट्याच्या अटीत बसणारी लागतात. चौघांचं एकत्र काढलंत तर तो कोटा लागत नाही. तारीख इथं टाका, मी पण बघतो.